देवीच्या लशीने हृदयाला सूज येते हे खरं आहे का? मुलीने लस घ्यावी का?

हो, येते. मला आली होती, २००३ साली. दुखणं दोन महिन्यांत सरलं. ते लशीमुळे झालं एवढं माझ्या सख्ख्या भावाकडून कबूल करून घ्यायला मात्र वीस वर्षं पुरली नाहीत. म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

तुम्ही लिहिलंय की मुलगी अमेरिकेत पीएच.डी. करते, तिच्या प्रयोगशाळेत व्हॅक्सिनिया विषाणूवर काम चालतं आणि म्हणून तिला देवीची लस घ्यायला सांगितलंय. देवी जगातून गेल्या, मग आता लस कशाला, असा घरातल्यांचा सूर आहे. त्यांना सांगा की त्या लशीत देवीचा विषाणू नसतोच. व्हॅक्सिनिया असतो, देवीच्या विषाणूचा भाऊबंद, म्हणजे तुमची मुलगी ज्याच्यावर काम करते तोच. काम करताना सुई बोटात गेली किंवा डोळ्यात थेंब उडाला तर त्याचा संसर्ग होतो. प्रयोगशाळांत असे प्रकार झालेले आहेत. म्हणून लस.

आता माझं. मी नर्स. तेव्हा अमेरिकेतल्या एका रुग्णालयात आयसीयूत काम करत होते. २००१ मध्ये टपालातून अँथ्रॅक्सची भुकटी पाठवण्याचे प्रकार झाले आणि कुणी देवीचा विषाणू शस्त्र म्हणून सोडला तर काय, ही भीती तिथल्या सरकारला पडली. १३ डिसेंबर २००२ ला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी कार्यक्रम जाहीर केला. ठरावीक सैनिकांना लस बंधनकारक, आणि रुग्णालयांतून जे स्वखुशीने पुढे येतील त्यांची पथकं. पहिल्या टप्प्यात पाच लाखांच्या आसपास आरोग्य कर्मचारी येतील असं धरलं होतं. आले चाळीस हजारांच्याही आत.

त्या चाळीस हजारांत मी होते. आमच्या विभागात फार हात वर झाले नाहीत, आणि मला त्याचं वाईट वाटलं होतं. देवीचा एक रुग्ण दारात आला तर त्याला हात कोण लावणार? माझ्या दंडावर लहानपणी देवी काढल्याच्या दोन खुणा होत्या. पूर्वी लस घेतलेल्यांना दुसऱ्यांदा त्रास कमी होतो असं आम्हाला दिलेल्या माहितीतही होतं. वय एकेचाळीस, रक्तदाब नाही, साखर नाही. मी सही केली.

ही लस इंजेक्शनसारखी देत नाहीत. सुईच्या टोकाला दोन दाते असतात, त्यांच्या बेचक्यात लशीचा थेंब धरतात आणि दंडावर अगदी छोट्याशा जागेत पटापट टोचतात. पहिल्यांदा घेणाऱ्याला तेव्हा तीन टोचे, आमच्यासारख्यांना पंधरा. रक्ताचा टिपूस दिसला की झालं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुटकुळी आली, मग पाणी, मग पू. काखेत गाठ आली, अंग कसकसलं. खाज अशी की झोपेत हात तिकडे जाऊ नये म्हणून मी मोजे घालून झोपायचे. त्या फोडात जिवंत विषाणू असतो, तो रुग्णाला लागता कामा नये. त्यामुळे वर गॉझ, त्यावर पारदर्शक पट्टी, त्यावर लांब बाही. सातव्या दिवशी फोड बघून शेरा मिळाला की लस व्यवस्थित लागली.

दहाव्या रात्री छातीत दुखायला लागलं. गादीला पाठ टेकली की चमक, श्वास आत घेतला की चमक. उठून बसले आणि उशी पोटाशी धरून पुढे वाकले की जरा बरं. मी पहाटेपर्यंत तशीच बसून होते. इतकी वर्षं आयसीयूत काढलेल्या बाईला हे काय आहे ते कळायला हवं होतं. कळलंही होतं. पण हृदय हा शब्द आमच्या माहितीपत्रकात नव्हता. त्यात मेंदूची सूज होती, इसब असलेल्यांना होणारा भयंकर पुरळ होता, डोळ्याला हात लागून होणारा संसर्ग होता. हृदय नव्हतं, म्हणून माझं मन तिकडे जायला तयार होईना.

सकाळी आमच्याच रुग्णालयातल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांना दाखवलं. मी लशीचं सांगितलं. ते म्हणाले, रुग्ण उचलताना बरगडीचा स्नायू ताणलाय. ईसीजी काढला नाही. आयब्युप्रोफेन दिलं. आणि त्याने मला खरंच बरं वाटलं! हृदयाच्या आवरणाला सूज आली तरी उपचार त्याच गोळीने करतात. गोळी बरोबर निघाली म्हणून निदानही बरोबर ठरलं. ‘औषधाने बरं वाटलं ना, मग झालं’ हे वाक्य मी त्यानंतर कोणत्याही रुग्णाला म्हटलेलं नाही.

त्या संध्याकाळी दादाला फोन केला. माझा मोठा भाऊ डॉक्टर आहे, माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘देवीच्या लशीने हृदयाला काही होत नसतं. तू घाबरली आहेस. मी बिहारमध्ये हजारोंना टोचलंय, एकाच्याही छातीत दुखलं नाही.’

हे वाक्य साधं नव्हतं. १९७४ साली भारतात देवीचे १,८८,००० रुग्ण झाले, ३१,००० हून अधिक माणसं गेली, आणि सगळ्यात मोठा तडाखा बिहारला होता. दादा नुकताच डॉक्टर झाला होता. तो तिथे गेला, घरोघर फिरला, डोळे गेलेली मुलं बघितली. पुढच्या वर्षी, मे १९७५ मध्ये, देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला. त्याच्या आयुष्यातलं ते सर्वांत मोठं काम, आणि आम्हा भावंडांनाही त्याचा अभिमान. त्या लशीबद्दल वाकडा शब्द म्हणजे त्याच्या बिहारबद्दल वाकडा शब्द. हे मला समजत होतं, म्हणून मी त्या दिवशी गप्प बसले. बसायला नको होतं.

बाराव्या दिवशी ड्यूटीवर जिना चढताना धाप लागली. आमच्याकडे शिकणारी एक तरुण डॉक्टर होती. तिने काही न विचारता मला खुर्चीत बसवलं, पुढे वाकवलं, श्वास सोडून थांबायला सांगितलं आणि स्टेथोस्कोप लावला. बराच वेळ ऐकत राहिली. मग नळ्या माझ्या कानात घातल्या. ठोक्यांच्या मधे एक आवाज येत होता, करकर, नव्या कोऱ्या चपलेसारखा. हृदयाभोवतीच्या आवरणाचे दोन पदर सुजून एकमेकांवर घासले की हा आवाज येतो. दुसऱ्यांच्या छातीत मी तो ऐकला होता. स्वतःचा ऐकताना हातपाय गार पडतात.

ईसीजीत जवळपास सगळ्या पट्ट्यांमध्ये या सुजेत दिसणारा विशिष्ट उंचावा होता. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते ट्रोपोनिन थोडं वाढलेलं, म्हणजे आवरणाबरोबर स्नायूलाही सूज होती. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, आकुंचन ठीक दिसलं. दोन रात्री निरीक्षणाखाली, मग घर, मग तीन महिने पळणं नाही, ओझं नाही, आधी मोजक्या ड्यूट्या. कागदावर निदान लिहिलं: विषाणूजन्य, कारण अज्ञात. दंडावर पट्टी होती, पट्टीखाली पुवाचा फोड होता, आणि कारण अज्ञात! कर्मचाऱ्यांच्या आरोग्य कक्षात मी म्हटलं, लशीची नोंद करा. तिथल्या बाई म्हणाल्या, यादीत हृदय नाही. मग लशींच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी तिथली जी केंद्रीय व्यवस्था आहे, व्हेअर्स, तिला मी स्वतः अर्ज भरून पाठवला. तो कुणीही पाठवू शकतं. हे तुमच्या मुलीला जरूर सांगा.

२५ मार्च २००३ ला सरकारी यंत्रणेने जाहीर केलं की ज्यांना हृदयरोग आहे त्यांनी तूर्त ही लस घेऊ नये. सैन्यातल्या डॉक्टरांनाही तेच दिसत होतं. त्यांचा पहिला अहवाल त्याच वर्षी छापून आला. पहिल्यांदा लस घेतलेल्या २,३०,७३४ सैनिकांत हृदयाच्या स्नायूची किंवा आवरणाची सूज असलेले १८ जण, सगळे तरुण पुरुष, सगळ्यांना लशीनंतर ७ ते १९ दिवसांत. म्हणजे लाखाला साधारण आठ. लस न घेतलेल्या सैनिकांत तेवढ्याच मुदतीत लाखाला दोनच्या आसपास दिसले असते. पूर्वी लस घेतलेल्या ९५,६२२ जणांत एकही नाही. दादाने हा आकडा मला नंतर कितीदा तरी ऐकवला. पण नागरी कार्यक्रमातल्या ३८,००० च्या आसपास लोकांत २१ जणांना ही सूज आली, आणि त्यांतले बहुतेक माझ्यासारखे होते: चाळिशी-पन्नाशीतले, बायका जास्त, लहानपणी देवी काढलेले.

हेही सांगते, की आमच्यापैकी कुणाला काही झालं तर भरपाई देण्याचा कायदा ३० एप्रिल २००३ ला झाला. तोवर आम्ही दंड पुढे करून मोकळे झालो होतो. हा क्रम चुकीचा होता असं माझं स्पष्ट मत आहे.

आता दादाचा मुद्दा, कारण तुमच्या घरातही कुणीतरी तो काढेल: कोट्यवधी लोकांना ही लस दिली, मग तेव्हा हृदयाचं कुणाला का दिसलं नाही? दिसलं होतं. युरोपात दिसलं होतं. फिनलंडच्या सैन्यात भरती झालेल्या तरुणांत लशीनंतर ईसीजी बिघडल्याची आणि हृदयाला सूज आल्याची नोंद १९७० आणि ८० च्या दशकांत झालेली आहे. पण तिकडच्या लशी वेगळ्या वाणाच्या होत्या, आणि अमेरिकेत वापरला जाणारा वाण सौम्य, त्याने असं होत नाही, असं धरून चालले. शिवाय बाकी जगात लस मिळायची ती मुख्यतः लहान मुलांना, आणि ही सूज तरण्याताठ्यांत जास्त येते. ट्रोपोनिनची तपासणी तेव्हा नव्हती. चार दिवस छातीत दुखलं आणि थांबलं, तर ते कोण कशाला लिहून ठेवणार?

दादाला मी शेवटी हे २००४ साली तोंडावर म्हटलं. म्हटलं, तू टोचून संध्याकाळी पुढच्या गावाला जायचास. दहाव्या रात्री त्या माणसाच्या छातीत दुखलं की नाही हे बघायला तिथे कोण होतं? तो म्हणाला, ‘आम्ही देवीचे रुग्ण शोधत होतो, छातीत दुखणारे नाही.’ म्हटलं, मग शोधलं नाही म्हण. नव्हतं म्हणू नकोस. तो ताटावरून उठला. वहिनी आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

तो चुकला असं मी त्याच्या कामाबद्दल म्हणत नाही. देवीने दहातले तीन मरायचे. त्या आजारापुढे लाखाला आठ हा हिशेब करायला कुणी बसू नये, मीही बसले नसते. १९७४ च्या बिहारमध्ये माझी सूज कुणी मोजली नाही हे योग्यच होतं. पण २००३ मध्ये, देवीचा एकही रुग्ण जगात नसताना, धडधाकट माणसांना लस देताना ती मोजायला हवी होती, आणि मोजल्यावर तोंडावर सांगायला हवी होती. त्याचा अजूनही एकच शब्द आहे: योगायोग.

दुसऱ्या बाजूनेही मला त्रास झाला आहे. २०२१ मध्ये माझ्या एका पुतण्याने घरच्या ग्रुपवर लिहिलं, ‘लशींनी हृदय जातं, आत्यालाच विचारा.’ मला न विचारता. मी त्याला फोन करून जे बोलायचं ते बोलले. माझं हृदय गेलेलं नाही. कोविडची लस मी घेतली, माझ्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारून घेतली. कोविडच्या एमआरएनए लशींनंतर तरुण मुलांत, बहुधा दुसऱ्या डोसनंतर काही दिवसांत, अशीच सूज क्वचित येते हेही खरं आहे, आणि ते ओळखणाऱ्यांत २००३ चा अनुभव गाठीशी असलेले डॉक्टरही होते. देवीच्या लशीत जिवंत, वाढणारा विषाणू असतो, कोविडच्या त्या लशींत विषाणूच नसतो. दोन्हींत शरीराची प्रतिकारशक्तीच भडकून हृदयाच्या पेशींवर येत असावी असा अंदाज आहे. पण म्हणून सगळ्या लशी एका पोत्यात भरायच्या का? माझी गोष्ट वापरायची तर पूर्ण वापरा.

हृदयाला सूज आणि हृदयविकाराचा झटका, यांत लोक गल्लत करतात. मार्च २००३ मध्ये लस घेतलेल्या तिघांचा झटक्याने मृत्यू झाला, तिघेही पन्नाशी उलटलेले. बातम्यांत तेच आलं आणि लोक घाबरले. मग १९४७ चे कागद काढले गेले. त्या वर्षी न्यूयॉर्क शहरात देवीचा रुग्ण आढळल्यावर महिनाभरात साठ लाखांवर लोकांना लस दिली होती. मृत्यूच्या जुन्या नोंदी तपासल्या, त्यात हृदयविकाराचे मृत्यू वाढलेले दिसले नाहीत. सुजेचा संबंध पक्का आहे, झटक्याचा तसा सिद्ध झालेला नाही. तरी त्यानंतर धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, घरात कमी वयात हृदयरोग यांपैकी तीन गोष्टी असतील तर लस देऊ नये असं ठरलं, आणि ते मला पटतं.

तुमच्या मुलीचं. आधी तिला विचारायला सांगा की लस कोणती. इथेच सगळं आहे, आणि हे कुणी विचारतच नाही. मी घेतलेली ड्रायव्हॅक्स आता नाही. तिच्या जागी २००७ मध्ये एकॅम२००० आली. तीही जिवंत, तीही टोचायची, फोड येणारच. पहिल्यांदा घेणाऱ्यांत तिच्या चाचण्यांत साधारण १७५ जणांमागे एकाला हृदयाची सूज आढळली. हा आकडा लाखाला आठपेक्षा कितीतरी मोठा दिसतो, कारण यात मुद्दाम ईसीजी आणि ट्रोपोनिन करून शोधलं होतं, काहींना तर काहीच जाणवत नव्हतं. (दादा, शोधलं की सापडतं.) दुसरी लस जिनिओस, २०१९ पासूनची. तिच्यातला विषाणू माणसाच्या शरीरात वाढत नाही. फोड नाही, खपली नाही, २८ दिवसांच्या अंतराने त्वचेखाली दोन इंजेक्शनं. चाचण्यांत काहींचं ट्रोपोनिन त्रास नसताना किंचित वाढलेलं दिसलं होतं, पण एकॅमसारखी सूज नाही. २०२२ मध्ये एमपॉक्सच्या (पूर्वीचं नाव मंकीपॉक्स) साथीत याच लशीचे डोस मोठ्या प्रमाणात दिले गेले. प्रयोगशाळेतल्या लोकांसाठीही तिची शिफारस झालेली आहे. माझी मुलगी असती तर मी जिनिओसच मागायला सांगितलं असतं, आणि मिळत नसेल तर का नाही हे लेखी मागायला.

एकॅमच द्यायची असं ठरलं तर लस घेतल्याची तारीख तिने फोनमध्ये लिहून ठेवावी आणि पुढचे तीन आठवडे जिम, धावणं बंद. छातीत दुखलं, धाप लागली, धडधडलं, आडवं झाल्यावर वाढलं, तर दवाखान्यात पहिलं वाक्य ‘छातीत दुखतंय’ हे नको. ‘मला अमुक तारखेला देवीची लस दिली आहे आणि छातीत दुखतंय’ असं म्हणायचं, आणि ईसीजी आणि ट्रोपोनिन झाल्याशिवाय घरी यायचं नाही. स्नायू ताणलाय म्हणाले तरी.

हे आधी लिहायला हवं होतं: तिला किंवा तिच्याबरोबर राहणाऱ्या कुणाला इसब असेल, लहानपणी होऊन गेलेलं असलं तरी, तर एकॅम नाही. दिवस गेले असतील, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, हृदयाचं काहीही जुनं असेल, तरी नाही. आणि मी नर्स आहे, डॉक्टर नाही, तिला तपासलेलं नाही. तिकडच्या आरोग्य कक्षात हे सगळं विचारणारा अर्ज असतो, तो तिने घाईने भरू नये. तुमच्या घरात कुणाला कमी वयात हृदयाचं काही झालंय का ते तुम्हालाच तिला सांगावं लागेल, मुलांना ते माहीत नसतं.

लशीचं नाव कळलं की मला कळवा.